तापात घरी पाठवणारा देश

डेन्मार्कहून परतल्यावर मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. थंडी किती होती आणि जेवणाचे हाल झाले का? थंडी फारशी नव्हती, मे महिना होता. जेवणाचं पुढे सांगतो. पण ज्या प्रश्नासाठी मला तिकडे पाठवलं होतं तो कुणीच विचारला नाही, आणि बरंच झालं, कारण त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही. लिहून काढलं तर डोक्यातला गुंता थोडा सुटेल म्हणून लिहितोय. नाहीच सुटला, तर निदान तुम्हीही माझ्यासोबत गोंधळात.

मी पेडणेकर. भाईंदर पूर्वेला, खारीगावाच्या पलीकडे स्टीलच्या डब्यांचा आमचा कारखाना आहे, तिथे सुपरवायझर. अकरा वर्षं झाली. प्रेसवर पत्र्याचा डबा काढायचा, मग पॉलिशला द्यायचा, असं काम. दोन्हीकडे मिळून बावीस माणसं कायम नोकरीवर. शेठनी डेन्मार्कच्या एका कारखान्याची जुनी प्रेस विकत घ्यायचं ठरवलं होतं. ती चालवायला शिकायची म्हणून तीन आठवड्यांसाठी मला पाठवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी शेठनी केबिनमध्ये बोलावलं.

"पेडणेकर, मशीन तो तू शिकेगाच," शेठ म्हणाले. ते मराठी, हिंदी, गुजराती सगळं एकाच वाटीत कालवून बोलतात. "पण मला दुसरं सांग. तिथे आठ माणसं जेवढा माल काढतात, तेवढा आपली बावीस काढत नाहीत. का? ते बघून ये. आल्यावर तुला वाटेल ती एक गोष्ट इथे बदल, मी मधे येणार नाही. दिवाळीपर्यंत माल वाढला तर ठीक. नाही वाढला तर माणसं कमी करून सगळं ठेक्यावर देतो. आजूबाजूच्या सगळ्यांनी दिलंय."

आता बोला! म्हणजे मी फिरायला चाललो नव्हतो, बावीस जणांच्या नोकऱ्या बॅगेत घालून चाललो होतो. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, पण कारखान्यात भिंतींनाही कान असतात. प्रेसवरचा दत्ताराम घाणेकर, गुहागरकडचा, चौदा वर्षांत गणपतीची रजा सोडली तर एक खाडा नाही असा माणूस, संध्याकाळी गेटपाशी थांबला होता. हातात सुक्या जवळ्याच्या चटणीची बाटली.

"बायकोने दिलीय साहेब. तिकडे तोंडाला चव येणार नाही तुमच्या," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "नीट बघून या हां."

त्या 'नीट'वर त्याने दिलेला जोर मला विमानात बसेपर्यंत ऐकू येत होता.

पहिला सोमवार

गावाचं नाव सांगत नाही. सपाट, हिरवं, वाऱ्याचं गाव. डोंगर नावाला नाही. आपल्याकडे घोडबंदर रोडने वरसाव्याच्या पुलावर आलं की एका बाजूला डोंगर आणि खाली खाडी दिसते आणि जीवाला बरं वाटतं. इथे नजर जाईल तिकडे शेत आणि वर पवनचक्क्या. सूर्य तर मावळायचं नावच घेईना. रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर लख्ख ऊन. पहिल्या दिवशी मी चहा करून घेतला, मग घड्याळ पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी सात वाजता काम सुरू. मी साडेसहालाच जाऊन उभा राहिलो, छाप पाडायची म्हणून. दाराला कुलूप. सातला दोन मिनिटं असताना सगळे सायकलींवरून आले. फोरमन हेन्रिक, साडेसहा फुटी, लाल दाढीचा, माझ्याकडे बघून म्हणाला, "काही बिघडलं का?"

"नाही, नाही. लवकर आलो."

"का?"

इंटरव्ह्यूलाही एवढा अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता मला.

कारखाना इस्पितळाच्या स्टील ट्रेचा. फरशी एवढी स्वच्छ, की तिच्यावरच जेवायला बसावं. आठ माणसं, त्यातल्या तीन बायका. मी माझ्या सवयीने उभं राहून बघत होतो, कोण कुठे वेळ घालवतंय. कार्स्टन नावाचा एक पन्नाशीचा ऑपरेटर होता. साडेनऊला त्याने लाल बटण दाबून प्रेस थांबवली आणि खुशाल स्टुलावर बसून पेपर वाचायला लागला. माझ्या घशापर्यंत ओरडणं आलं होतं. हेन्रिक जवळून गेला, त्याने पाहिलं, आणि काही न बोलता पुढे गेला! दहा मिनिटांनी कुणीतरी येऊन डाय, म्हणजे प्रेसचा साचा, तपासला, मान हलवली, कार्स्टनने पेपर घडी केला आणि प्रेस पुन्हा सुरू. पत्र्यावर बारीक रेघ उठत होती म्हणे. त्याला दिसली, त्याने थांबवली. कुणाला विचारलं नाही.

आमच्याकडे दत्तारामला रेघ दिसली तर तो काय करेल? मला बोलावेल. मी शेठकडे जाईन. शेठ म्हणतील, चालू ठेव, पॉलिशमध्ये जाईल. आणि तोवर शंभरेक डबे रेघेचे निघालेले असतील. पण मशीन बंद करून कुणी पेपर वाचायला बसला, तर मीच त्याचा पेपर फाडेन. खरं सांगायचं तर मला त्या कारखान्यात स्वतःसाठी जागाच दिसेना. अकरा वर्षं मी ज्या ओरडण्याचा पगार घेतला, ते काम तिथे कुणी करतच नव्हतं.

जेवण साडेअकराला. काळा, ओलसर, आंबूस पाव, वर थंडगार मासा व्हिनेगरमध्ये बुडवलेला, आणि तो गोड! मासा गोड! मी कोकणातल्या माणसाचा मुलगा, भाईंदरच्या बाजारात बोंबील घासाघीस करून घेणारा. तो घास गिळताना माझ्या सगळ्या पिढ्यांनी तोंड फिरवलं असणार. शेवटी दत्तारामच्या बायकोची चटणी काढली आणि पावावर पसरली. वास सुटल्यावर दोघे टेबल बदलून गेले. कार्स्टनने मात्र चाखली, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि पुन्हा मागितली.

साडेतीन वाजता

साडेतीनला सगळे घरी. सगळे म्हणजे सगळे, मॅनेजरसुद्धा. मी थांबलो. मला आम्ही घेणार होतो त्या प्रेसचं सेटिंग पक्कं करायचं होतं, आणि मनात असंही होतं की भारतातला माणूस किती राबतो ते यांना दिसू दे. पाच वाजता हेन्रिक परत आला, पोराला कुठेतरी सोडायला निघाला होता आणि दिवा दिसला. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं मी काही चोरताना सापडलोय.

"तुला दिवसभरात शिकवून झालं नाही का?" त्याने विचारलं.

"झालं. पण आणखी थोडं..."

"मग मी नीट शिकवलं नाही," तो म्हणाला. "उद्या सांग, काय राहिलं ते. आता घरी जा."

म्हणजे मी जादा काम केलं तर कमीपणा त्याला! आमच्याकडे माणूस जादा थांबला की शेठ पाठीवर थाप मारतात आणि वडापाव मागवतात. मी खोलीवर आलो. फोन कार्ड घेऊन सुनंदाला, माझ्या बायकोला, फोन लावला. ती म्हणाली, "चांगलं आहे की! साडेतीनला सोडतात तर फिरून ये जरा." तिला कसं सांगणार, की मला रिकाम्या संध्याकाळचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मला ताप आला. वाऱ्यानेच आला असणार. मी दोन क्रोसिन घेतल्या, स्वेटर चढवला आणि सातला हजर. ताप काय, वडील गेले त्या दिवशी मी अर्धी पाळी करून गेलो होतो. हे मी आजवर अभिमानाने सांगत आलोय. हेन्रिकने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "घरी."

"नाही, मी बरा आहे. आय अॅम फाइन."

"तू बरा नाहीस. तुझ्यामुळे आणखी दोघं आजारी पडतील आणि तुझा हात प्रेसमध्ये जाईल. घरी."

मी हादरलो. मला वाटलं, झालं, आता हा शेठला मेल करणार, तिकीट बदलणार, आणि मी भाईंदरला पोचायच्या आधी ठेकेदार पोचलेला असणार. खोलीत पांघरुणात पडून मी तापापेक्षा त्या भीतीनेच जास्त कुडकुडत होतो. संध्याकाळी दार वाजलं. हेन्रिक, हातात झाकणाच्या भांड्यात गरम सूप.

"मला परत पाठवणार का?" मी सरळ विचारून टाकलं.

त्याला प्रश्नच समजला नाही. तीनदा सांगितल्यावर समजला, तेव्हा तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आजारी माणसाला कामावरून का काढतील?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. मग त्याने सांगितलं, आजारी असलं तर पगार मिळतो, मुलगा आजारी असला तर एक दिवस मिळतो, वर्षाला पाच आठवडे रजा, त्यातले जुलैत तीन आठवडे तर कारखानाच बंद. आणि हे सगळं चालतं कशावर, तर जवळजवळ निम्मा पगार कराला जातो. निम्मा! मी म्हटलं, राग येत नाही? "हिवाळ्यात येतो," तो म्हणाला.

सूप बेचव होतं, पण मी भांडं पुसून प्यायलो. आणि त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की शेठच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक सापडलं. ही माणसं घाबरलेली नाहीत. म्हणून लाल बटण दाबतात, म्हणून माल वाया जात नाही, म्हणून आठात भागतं.

केकचा शुक्रवार

हे उत्तर मी आठवडाभर जपून ठेवलं. शेवटच्या शुक्रवारी कार्स्टनने केक आणला, स्वतःच्या हाताने केलेला, वर स्ट्रॉबेरी. मी दोन तुकडे घेतले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "हॅपी बर्थडे!"

सगळे हसले. कार्स्टनही हसला. "वाढदिवस नाही. आज माझा शेवटचा दिवस. मला काढलं."

मी हातातला तुकडा खाली ठेवला. ऑर्डर कमी झाल्या होत्या, काही महिन्यांपूर्वीच नोटीस दिलेली होती, आणि त्याला काढणारा मॅनेजर शेजारी उभा राहून त्याचाच केक खात होता!

"आता काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"दोन आठवडे मासे पकडणार. मग युनियनच्या फंडातून पैसे मिळतात, तोवर वेल्डिंगचा कोर्स करणार. बघू."

"भीती नाही वाटत?"

"वाईट वाटतं," तो म्हणाला. "ही माणसं आवडायची मला. घर जाईल अशी भीती नाही."

आमच्याकडे कायम माणसाला असं काढून दाखवा. गेटवर सभा, कोर्टाच्या तारखा, बायकामुलं रस्त्यावर. म्हणजे काढणं तिथे सोपं आणि इथे अवघड, तरीही घाबरायचं मात्र आमच्या माणसांनीच! माझ्या डोक्याची पार मंडई झाली. नोकरी पक्की म्हणून निर्धास्त, असंही नाही. मग नक्की कशाने? परतीच्या विमानात मी कागद घेऊन बसलो. कर मला आणता येणार नव्हता. फंड आणता येणार नव्हता. पाच आठवड्यांची रजा मागितली असती तर शेठनी मलाच कायमची दिली असती. उरलं एकच, जे एका कारखान्यात करता येईल: आजारी माणसाला पूर्ण पगारात घरी पाठवायचं.

भाईंदर पूर्व

"पगार पण देऊ, आणि घरी पण बसवू?" शेठनी चष्मा काढला. "पेडणेकर, तिकडचं पाणी लागलं का तुला? उद्या सगळेच्या सगळे बिमार पडतील."

पण शब्द दिला होता, तो पाळला त्यांनी. विकत घेतलेली प्रेस अजून बोटीवरच होती. मी चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. आजारी असेल त्याने घरी जायचं, पगार कापणार नाही, गणपतीच्या रजेतून दिवसही जाणार नाहीत. मला वाटलं होतं टाळ्या पडतील. चहा पिऊन सगळे कामाला लागले. आणि गंमत म्हणजे पुढचे आठ दिवस एक माणूस आजारी पडला नाही, साधं कुणी शिंकलंसुद्धा नाही. शेठही चक्रावले आणि मीही.

नवव्या दिवशी दत्तारामचे डोळे लाल दिसले. प्रेसच्या आवाजात तो तोंड फिरवून खोकत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला तर चटका बसला. मला हेन्रिक आठवला आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

"घरी," मी म्हटलं.

"नको साहेब, बरा आहे मी."

"तीन दिवस घरी. पूर्ण पगार. जा."

तो प्रेस पुसून, जेवणाचा डबा उचलून, कुणाकडे न बघता निघून गेला. त्यानंतर सबंध खात्यात काहीतरी झालं. त्या दुपारी चहाला कुणी उठलं नाही. विडीला कुणी बाहेर गेलं नाही. पॉलिशवाले खाली मान घालून असे हात चालवत होते, की मला वाटलं, हेच ते! इतक्या लवकर!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दत्ताराम गेटवर उभा. धुतलेला शर्ट, ओले विंचरलेले केस, आणि हातात एक कागद.

"काय रे हे?"

"सर्टिफिकेट, साहेब. फिट असल्याचं."

दवाखान्याचा शिक्का होता, डॉक्टरची सही होती. अकरा वर्षांत मी आजारी असल्याची खोटी सर्टिफिकेटं ढिगाने पाहिली, गणपतीच्या पुढेमागे तर गठ्ठ्याने येतात. बरा असल्याचं खोटं सर्टिफिकेट मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आणि समोर तो थरथरत उभा.

"अरे वेड्या, पगार कापणार नाही म्हणून सांगितलं ना तुला?"

"तेच तर साहेब," तो म्हणाला. "पगार कापणार असतात तर झोपलो असतो गप. आधीच्या कंपनीत पण असंच सांगितलेलं, परळला. घरी बसा, पगार मिळेल. दोन महिने मिळाला पण. मग गेलो तर गेटला कुलूप. फुकट पगार कोण देतं साहेब? ज्याला काढायचंय त्यालाच देतात." आणि मग हात जोडून, "बायको रात्रभर रडतेय. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. माझं सगळं खातं काल कशाने पळत होतं ते मला तिथे गेटवर उभ्या उभ्या कळलं. चौदा वर्षं खाडा न केलेल्या माणसाला काढलं, आता आपला नंबर, म्हणून.

समजावलं, शपथ घेतली, रागावलो. तो हलेना. शेवटी त्याला आत घेतलं. मालाचे कागद तपासायला बसवलं तर दहा मिनिटांत उठून प्रेसवर जाऊन उभा. ताप असलेला माणूस आणि पॉवर प्रेस! मी दिवसभर त्याच्या मागे, बंद करायच्या बटणावर हात ठेवून उभा राहिलो. त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही. त्याने मात्र रोजच्यापेक्षा जास्त डबे काढले, आणि त्याला बघून बाकीच्यांनीही.

पाचच्या सुमारास शेठ स्वतः खाली आले. हातात मालाचा कागद. चेहरा फुललेला.

"पेडणेकर! तेरा डेन्मार्क तो चल गया रे! दोन दिवसांत एवढा फरक! मी उगाच हसत होतो तुला." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ठेक्याचं कॅन्सल. माणसं राहू दे."

मला बोलायचं होतं. शेठ, हा डेन्मार्क नाही, ही भीती आहे, नेहमीचीच, फक्त या वेळी ती मी घातली. पण हे बोललो तर ठेका. बावीस जणांची तोंडं माझ्याकडे. मी म्हटलं, "हो शेठ."

ते वर गेले. दत्तारामने प्रेस थांबवली. "काय म्हणाले?"

"राहिलात," मी म्हटलं. "सगळे. ठेका नाही येत. कुणाला काढत नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

तो हळूच स्टुलावर बसला. पहिल्यांदाच त्याने सगळ्यांसमोर डोकं हातांत धरलं. मी कपाळाला हात लावून पाहिला, भाजत होता.

"साहेब," तो म्हणाला, "मग आता दोन दिवस घरी जाऊ का? अंगात त्राणच नाही बघा." मी हो म्हणणार, एवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. "पण बिनपगारी मांडा हां. पगारी नको."